साबणाचा आळ

"किनुएबाई, आज कॉफी काही बरोबर नाही," असं म्हणून इवाताशेठनी कप बशीत ठेवला, आणि 'कोमादोरी' कॅफेत सकाळी साडेसातला आपापल्या ठरलेल्या जागी बसलेली नऊच्या नऊ माणसं वर्तमानपत्रातून डोकी वर काढून काउंटरकडे बघायला लागली.

एक्केचाळीस वर्षांत या कॅफेत असं वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. टोस्ट करपला, अंडं कच्चं राहिलं, शेंगदाणे कालच्यापेक्षा कमी दिले, अशी कुरकुर रोजची. पण कॉफीबद्दल कधीच नाही. आमच्या नागोयाजवळच्या इचिनोमियात तेव्हा दर पन्नास पावलांवर एक कॅफे होतं, तरी मागवाले शेठलोक वाटेतली चार कॅफे ओलांडून कोमादोरीत यायचे ते किनुएबाईंच्या हातची कॉफी प्यायला. आपापल्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून सौदे, सोयरिकी आणि भांडणं सगळं इथेच व्हायचं. इवाताशेठनी स्वतःचं लग्नही इथेच ठरवलं होतं आणि नंतर त्याबद्दलची तक्रारही इथेच केली होती.

काउंटरमागे कॅफेच्या मालकीण किनुएबाई उभ्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले. शेजारी मोरीत कप विसळणाऱ्या त्यांच्या सुनेने, इत्सुकोने, तिरप्या नजरेने पाहिलं तर सासूबाईंनी काउंटरची कड धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती. सासूबाईंना कळलं, आणि आणखी क्षणभर ही शांतता टिकली तर या नऊ जणांनाही कळेल, या विचाराने इत्सुकोने हातातला कप मोरीत ठेवून दिला. आणि पुढचं वाक्य ती ठरवून बोलली की ते आपोआप निघालं, हे तिला स्वतःलाही पुढे कधी सांगता आलं नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "काल गाळणी मी साबणाने धुतली."

कोणीतरी "अरेरे" म्हणालं. कॅफेच्या धंद्यातल्या माणसाला याहून वाईट काही सुचणार नाही. कोमादोरीत कॉफी गाळली जायची ती फ्लॅनेलच्या कापडातून. नवं कापड आधी वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात उकळायचं, मग ते झिजेपर्यंत थंड पाण्याच्या बरणीत ठेवायचं, रोज पाणी बदलायचं, कधी वाळू द्यायचं नाही आणि साबण तर त्याच्या आसपासही येऊ द्यायचा नाही. कारण कापडाच्या लवेत शिरलेला साबण पुढे शंभर कपांत उतरतो. ही गोष्ट सासूने सुनेला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती.

किनुएबाईंनी बरणीत हात घातला, एक गाळणं बाहेर काढलं, बोटांनी दोनदा चोळलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं. मग सुनेच्या पाठीमागे जाऊन तिच्या एप्रनची गाठ स्वतःच्या हाताने सोडली.

"आजपासून तू काउंटरच्या आत यायचं नाहीस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून तो शेवटच्या टेबलापर्यंत नीट ऐकू गेला.

खरं काय होतं ते त्या घरात फक्त इत्सुकोला ठाऊक होतं, निदान तिचा तसा समज होता. सप्टेंबरात किनुएबाईंना दहा दिवस ताप आला. ताप उतरला आणि जाताना त्यांच्या नाकातला वास घेऊन गेला. पहिल्यांदा इत्सुकोच्या लक्षात आलं ते दाणे भाजताना. मागच्या पडवीत किनुएबाई हाताने फिरवायच्या पिंपात कॉफीचे दाणे भाजायच्या. घड्याळ नाही, काटा नाही, वासावरून नेमक्या क्षणी आच बंद. त्या दिवशी पिंपातून काळा धूर निघत होता, शेजारची मांजर शिंकत पळाली, आणि सासूबाई शांतपणे दांडा फिरवत उभ्या होत्या. "आई, आच मोठी राहिली वाटतं," म्हणत इत्सुकोने गॅस बंद केला. नंतर नासलेलं दूध त्यांनी स्वतः पाहुण्याच्या कपात ओतलं, तेही तिने धक्का लागल्याचं निमित्त करून सांडलं. सहा आठवडे हे चाललं. दुपारी सासूबाई पडल्या की इत्सुको करपलेले दाणे टाकून द्यायची, गुपचूप नवे भाजून त्याच डब्यात भरायची. फक्त एका दिवशी तिला दातांच्या डॉक्टरकडे जावं लागलं, आणि तेवढा एक डबा तसाच गिऱ्हाइकांपुढे गेला.

मग तिने सांगून का टाकलं नाही, असं आज कोणीही विचारील. पण किनुएबाईंचं आयुष्य ज्याने पाहिलंय तो विचारणार नाही. सदतिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात दोन मुलं, त्याआधीची सगळी वर्षं मागावर गेलेली. या बाईने कोणाच्या दारात न जाता नुसत्या वासाच्या ज्ञानावर हे कॅफे उभं केलं. गल्लीतले लोक सोयासॉसची बाटली खरी की भेसळीची हे विचारायला त्यांच्याकडे यायचे. एकदा तर इवाताशेठ नवी टोपी घेऊन आले होते, लोकर अस्सल आहे का ते हुंगून सांगा म्हणून. तो मान चारचौघांत एका घोटासरशी जावा... छे, ते इत्सुकोला बघवलं नसतं. स्वतःची आई तिला आठवत नव्हती. जी काही आई तिला मिळाली ती हीच, कडक, कौतुकाचा शब्द कधी न बोलणारी. मी कोण, एक सून. माझी लाज गेली तर गल्लीचं काय जातं, असा तिचा साधा हिशोब होता.

तो हिशोब मात्र चुकला. तिला वाटलं होतं, चार दिवस राग राहील, मग आपण पुन्हा आत जाऊ, पुन्हा गुपचूप दाणे भाजू आणि कोमादोरी चालत राहील. किनुएबाईंनी चार दिवसांनीही तिला आत घेतलं नाही, चार महिन्यांनीही नाही. पडवीच्या दाराला आतून कडी लागली. इत्सुको पहाटे सायकलवरून जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात भाताचे गोळे वळायला जाऊ लागली, आणि सासूबाई एकट्या, करपलेल्या नाहीतर कच्च्या दाण्यांची कॉफी गाळत राहिल्या. जुने लोक निष्ठेने येत राहिले. इवाताशेठ तीन चमचे साखर घालून डोळे मिटून पीत. पण निष्ठेने माणूस किती दिवस वाईट कॉफी पिणार? एकेक जण मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या लावायची सोय असलेल्या नव्या कॅफेत जाऊ लागला, आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये कोमादोरीचं शटर खाली आलं ते आलंच. भिंतीवर टाचण्यांनी लावलेली नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या नावांची, आगाऊ पैसे देऊन घेतलेली कॉफीची तिकिटं तशीच राहिली.

"आईच्या एक्केचाळीस वर्षांवर वहिनीने साबण फिरवला," असं नणंद साचियो नागोयाहून येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. इत्सुकोने मान खाली घालून तिच्यापुढे चहा ठेवला. गल्लीत तिला 'साबणवाली वहिनी' हे नाव पडलं. त्यात फारसा दुष्टपणा नव्हता, पण टोचायचं. हे सगळं ती सोसू शकली. जे सोसवलं नाही ते वेगळंच होतं. त्या पहिल्या रात्री अंथरुणं घालताना तिच्या नवऱ्याने, हिदेओने, हळूच विचारलं होतं, "तू खरंच साबण लावलास?" आणि ती "हो" म्हणाल्यावर त्याने सुस्कारा टाकून दिवा मालवला होता. सव्वीस वर्षं जिला रोज ते कापड लेकराच्या अंगासारखं धुताना पाहिलं, तिच्यावर नव्हे, त्याने विश्वास ठेवला तो तिच्या खोट्यावर...

अशी सहा वर्षं गेली. त्या वर्षांत आमच्या भागातली कॅफे एकामागून एक मिटली. 'लिली' गेलं, जिथला मालक बेसबॉलची बातमी लागली की रेडिओशी भांडायचा. 'नामिकी' गेलं, तिथली म्हातारी सकाळच्या कॉफीबरोबर वाफवलेल्या अंड्याची वाटी द्यायची आणि ती संपवल्याशिवाय कोणाला उठू द्यायची नाही. माग थांबले, शेठ निवृत्त झाले, मुलं नागोयात नोकरीला लागली. तेव्हा गल्लीच्या मंडळाने ठरवलं की नोव्हेंबरच्या सुट्टीत सभागृहात 'आपली गेलेली कॅफे' असं प्रदर्शन भरवायचं. लोकांनी माळ्यावरून कप काढले, काडेपेट्या काढल्या, पाट्या काढल्या. मंडळाचे अध्यक्ष इवाताशेठ, त्यामुळे प्रत्येक कॅफेपुढचा मजकूर त्यांच्या वळणदार अक्षरात. नंतर हे सगळं पुस्तकात छापून वाचनालयात ठेवायचं ठरलं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी इत्सुको चहाची किटली घेऊन टेबलांमधून फिरत होती, तिचं काम तेच असायचं. कोमादोरीच्या टेबलापाशी घोळका हसत होता. तिने वाकून पाहिलं. 'स्थापनेपासून उत्तम कॉफीसाठी प्रसिद्ध. सुनेने गाळणी साबणाने धुतल्यामुळे बंद पडलेलं जगातलं एकमेव कॅफे.'

"रागावू नका हं वहिनी," इवाताशेठ म्हणाले. "जरा गंमत. साचियोलाही दाखवून घेतलंय."

"मीच म्हटलं लिहा," साचियो म्हणाली. "खोटं काय आहे त्यात?"

"छान लिहिलंय," इत्सुको म्हणाली आणि हसली. सहा वर्षांत हे हसू तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण या वेळी तिची नजर त्या ओळीवरून हटेना. तोंडातले शब्द माणसाबरोबर जातात. हे शाईत होतं, छापून वाचनालयात जाणार होतं. पुढच्या पिढ्यांना आपली ओळख होणार ती एवढीच, एवढ्या एका ओळीची... तिने किटली दुसऱ्या हातात घेतली आणि पुढच्या टेबलाकडे वळली.

तेवढ्यात हिदेओच्या आधाराने किनुएबाई आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, हातात काठी. लोकांनी वाट करून दिली. त्यांनी चष्मा चढवून तो मजकूर एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

"शेठ, पेन द्या."

"का हो, साल चुकलं का?"

"साबण चुकलाय." त्यांनी पेन घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारली. रेघ वाकडी आली. "तिने साबण लावलाच नव्हता. माझ्या नाकाचा वास गेला होता. त्या सप्टेंबरच्या तापात गेला तो गेलाच. आत्ताही तुम्ही इतके जण भोवती उभे आहात, मला कोणाचाच वास येत नाही. तेवढं एक बरं आहे."

दोघं-तिघं हसले आणि मग थांबले.

"आई, काहीतरीच काय बोलतेस?" साचियो म्हणाली. "वहिनीने स्वतः कबूल केलं होतं सगळ्यांसमोर."

"खोटं बोलली ती. मला झाकायला. आणि मला त्याच क्षणी कळलं होतं." किनुएबाई मुलीकडे न बघता बोलत होत्या. "साबण लागलेलं फ्लॅनेल बोटांना बुळबुळीत लागतं. माझं नाक गेलं होतं, बोटं शाबूत होती. मी बरणीत हात घालून बघितलं. कापड चांगलं होतं. तरी मी हिच्या कमरेचा एप्रन सोडला."

इवाताशेठनी टोपी काढून हातात घेतली. सगळे इत्सुकोकडे बघत होते, आता ही रडेल, सासूचे हात धरील, असं प्रत्येकाला वाटत होतं. इत्सुकोने किटली जपून टेबलावर ठेवली, कोणाच्या अंगावर गरम चहा उडणार नाही अशी, आणि ती दाराबाहेर निघून गेली.

हिदेओने तिला मंदिराच्या कोपऱ्यावर गाठलं. धाप लागली होती. "इत्सुको, अगं, मी त्या रात्री तुला विचारलं होतं. तेव्हा तरी मला सांगायचंस..."

"तुम्ही विचारलंत, तिथेच सगळं आलं," ती म्हणाली. "तुम्ही विचारायलाच नको होतं."

तो तिच्यामागून दोन पावलं अंतर ठेवून घरापर्यंत चालत आला आणि दारातच उभा राहिला.

घर कॅफेच्या मागेच. इत्सुको स्वयंपाकघरात न जाता बंद कॅफेत जाऊन बसली. काउंटरवर जुन्या पंख्यांची खोकी, हिवाळ्याच्या रजया. सहा वर्षं आपण आईला एका दुःखापासून वाचवलंय, या एका समाधानावर ती जगली होती. पहाटेच्या थंडीत सायकल मारताना, साचियोचे टोमणे गिळताना तेच तिचं बळ होतं. आणि ते समाधानसुद्धा खोटं निघालं. जिला वाचवलं तिला सगळं माहीत होतं, आणि तिने बघत राहावं... इत्सुको ओंजळीत तोंड घालून रडली, आवाज न करता, सवयीप्रमाणे.

काठीचा आवाज आला. किनुएबाई एकट्याच आत आल्या आणि गिऱ्हाइकांच्या बाजूच्या खुर्चीवर टेकल्या.

"मला तुझ्याआधी कळलं होतं माझं नाक गेलंय ते," त्या म्हणाल्या. "आणि तुला कळलंय हेही मला लगेच कळलं. तू मुळ्याच्या लोणच्याच्या फोडी जाड चिरायला लागलीस. कुरकुरीत काय ते वाढायला लागलीस, सूप उकळतं आणायला लागलीस. जिला चव लागत नाही तिला दाताखाली तरी काही लागावं म्हणून. रोज जेवताना मनात म्हणायचे, आज सांगू. दुसऱ्या दिवशी वाटायचं, काल नाही सांगितलं, आता कुठल्या तोंडाने सांगू."

"नावाचं मला काही नव्हतं, आई." इत्सुको ओंजळीतूनच बोलली. "साबणवाली म्हणू देत. पण मला आत का नाही येऊ दिलंत? दाणे मी भाजले असते. तुम्ही नुसत्या उभ्या राहिला असतात तरी चाललं असतं. कॅफे वाचलं असतं."

"म्हणूनच."

इत्सुकोने मान वर केली.

"मी ओगाकीला बहिणीच्या आजारपणात आठवडाभर गेले होते," किनुएबाई म्हणाल्या. "तापाच्या चार वर्षं आधी. कॅफे तू एकटीने चालवलंस. परत आले आणि तू केलेला कप प्यायले. काय म्हणाले होते तुला?"

"पाणी जास्त झालं म्हणालात."

"पाणी जास्त झालं नव्हतं." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "तेव्हा माझं नाक चांगलं होतं. तुझी कॉफी माझ्यापेक्षा चांगली होती. खूप चांगली. तुला आत येऊ दिलं असतं तर आठ दिवसांत शेठना कळलं असतं, सगळ्या गल्लीला कळलं असतं. नाक गेल्याचं मी सांगू शकले असते एक वेळ. म्हातारपणी जातं माणसाचं. पण हे नाही सांगता आलं. म्हणून बुडू दिलं मी कॅफे. माझ्याच हाताने..."

काठी बाजूला ठेवून, काउंटरचा आधार घेत त्या खाली उतरल्या, आणि फरशीवर दोन्ही तळवे टेकून त्यांनी सुनेपुढे डोकं खाली केलं.

इत्सुकोने त्यांना लगेच उठवलं नाही. एरवी ती धावली असती. आज ती बसून राहिली आणि त्या पांढऱ्या, घट्ट बांधलेल्या केसांकडे बघत राहिली. एवढा वेळ आपला आहे, असं तिला वाटलं. मग तिने वाकून सासूच्या दोन्ही बगलांत हात घातले.

"उठा आता. गुडघे धरले तर तेल मलाच लावावं लागेल."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हिदेओने सकाळीच काउंटरवरची खोकी वर नेऊन ठेवली, सगळं पुसून घेतलं आणि कच्चे दाणे, फ्लॅनेलचं कापड विकत आणून दिलं. इत्सुकोने कापड शिवलं, चोथ्यात उकळलं. पडवीची कडी किनुएबाईंनी स्वतः काढली. पिंपाचा दांडा गंजला होता, तो दोघींनी मिळून सैल केला. दाणे भाजताना इत्सुको एकटीच आत होती. किनुएबाई काउंटरच्या बाहेर, इवाताशेठच्या जागेवर जाऊन बसल्या होत्या. या बाजूला बसून त्यांनी स्वतःचं कॅफे कालपर्यंत कधी पाहिलंच नव्हतं.

इत्सुकोने पाण्याची बारीक धार धरली. मनगट अवघडलं होतं, धार मध्येच तुटली, तिने पुन्हा धरली. दोन कप भरले. एक सासूपुढे ठेवला, एक स्वतःसाठी.

किनुएबाईंनी दोन्ही हातांनी कप उचलला आणि एक घोट घेतला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवून त्यांनी सुनेकडे पाहिलं. "मला एवढंच कळतं. कशी झालीय ते तू सांग."

इत्सुको लग्न होऊन आल्यापासून बत्तीस वर्षांत या काउंटरवर हा प्रश्न त्यांनी कोणालाच विचारला नव्हता. इत्सुकोचे डोळे भरून आले, पण तिने आधी आपला कप उचलला, घोट जिभेवर धरला, गिळला आणि खरं ते सांगितलं.

"जरा कडू झालीय, आई. माझ्या हाताची सवय सुटलीय."

"मग दुसरी कर," किनुएबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला कप तिच्याकडे सरकवला. "मी बसलेय."